बसचं तिकीटही हवामानाच्या हिशेबात मांडा

मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका यांस,


2024 साली महापालिकेने हवामान अर्थसंकल्पाचा अहवाल काढला. 2024-25 च्या भांडवली खर्चापैकी 10,224 कोटी, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रक्कम हवामानाशी निगडित कामांची म्हणून त्यात दाखवली. हा हिशेब लोकांपुढे ठेवला, हे फार चांगलं झालं. असा खर्च नको म्हणणाऱ्यांतली मी नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, त्या रात्री छातीभर पाण्यातून मी घरी आले. खर्च न केल्याची किंमत मला ठाऊक आहे.

पण केलेल्या खर्चाचा भार शेवटी कोणाच्या अंगावर पडतो, तेही मांडायला हवं.

बसचंच घ्या. 9 मे 2025 पासून बेस्टच्या वातानुकूलित बसचं किमान भाडं 6 रुपयांवरून 12 झालं. आमच्या शेजारच्या मावशी चार घरची धुणीभांडी करतात. महिन्याचे 26 दिवस, जाऊन-येऊन, म्हणजे 312 रुपये जास्त. आता त्या सकाळी बसने जातात आणि संध्याकाळी, दिवसभर उभं राहून भरून आलेल्या पायांनी, चालत येतात. 2050 पर्यंत कार्बन उत्सर्जन निव्वळ शून्यावर आणायचं असं 2022 च्या मुंबईच्या आराखड्यात आहे. मग ज्या बाईच्या प्रवासाचा धूर या शहरात सगळ्यात कमी, तिचाच प्रवास महाग का व्हावा? बेस्टची तूट मोठी आहे, मान्य. पण सुमारे 14,000 कोटींच्या सागरी किनारा मार्गावर रिक्षा आणि दुचाकीलासुद्धा मज्जाव आहे, आणि मोटारवाल्याला तिथे टोल नाही.

घरी आल्यावर मावशींच्या डोक्यावर पत्रा. एप्रिलमध्ये सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या पत्र्यावर ओलं गोणपाट टाकतात. तासाभरात ते कोरडं होऊन कडा वळतात. पुन्हा भिजवायचं तर पाणी पिण्याच्या पिंपातूनच काढावं लागतं.

म्हणून विनंती अशी, की पुढच्या हवामान अर्थसंकल्पात प्रत्येक मोठ्या कामापुढे दोन गोष्टी लिहा: याचा उपयोग कोणाला, आणि याचे पैसे कोणाच्या खिशातून. बेस्टला दिलेली मदत हवामानाच्या खर्चात ठळक धरा. पत्र्याच्या घरांवर उष्णता परतवणारा पांढरा रंग लावायला किती पैसे लागतील, तोही आकडा प्रत्येक वॉर्डाचा वेगळा काढा. आणि या सगळ्याचा तक्ता मराठीत, वॉर्ड ऑफिसच्या फलकावर, उन्हाळा लागायच्या आत लावा. मावशींना वाचता येतं.

आपली,
विक्रोळी पार्कसाइटची एक रहिवासी