पाळीपाळीने मिळणारा खासदार : केथनेसचा धडा



‘मताधिकाराचा विस्तार’ हा मुद्दा आला की आपण फळ्यावर सनावळ्या लिहितो. १८३२, १८६८, १८८४, १९१८, १९२८. मुलं त्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरून जातात. माझं स्पष्ट मत आहे की त्याऐवजी एकाच मतदारसंघाची गोष्ट सांगावी. केथनेसइतकं चांगलं उदाहरण मला तरी दुसरं दिसत नाही.

केथनेस ही स्कॉटलंडच्या मुख्य भूमीच्या अगदी ईशान्य टोकाची काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंडची संसद एक झाली. कॉमन्स सभागृहात स्कॉटलंडला ४५ जागा मिळाल्या. त्यातल्या ३० काउंट्यांना आणि १५ शहरांना. पण काउंट्या होत्या ३३! मग सहा लहान काउंट्यांच्या तीन जोड्या लावल्या. एका निवडणुकीत जोडीतल्या एकीने खासदार निवडायचा, पुढच्या निवडणुकीत दुसरीने. केथनेसची जोडी लागली ब्यूटशी. ब्यूट म्हणजे पश्चिमेकडची बेटं, सरळ रेषेत मोजलं तरी सुमारे ३०० किलोमीटर लांब.

पाळी तरी सारखी होती का? तीही नाही. १८१८ साली केथनेसची पाळी आली. १८२० मध्ये राजा तिसरा जॉर्ज वारला, संसद बरखास्त झाली आणि केथनेसची पाळी दोन वर्षांत संपली. नंतर ब्यूटला मात्र १८२६ पर्यंत खासदार होता.

केथनेसचे सर जॉन सिंक्लेअर यांचंच बघा. स्कॉटलंडची गावोगावची माहिती गोळा करून त्यांनी २१ खंड काढले. ‘स्टॅटिस्टिक्स’ हा शब्द इंग्रजीत रुळवणारे ते हेच. १७८० मध्ये ते केथनेसमधून निवडून आले. १७८४ मध्ये पाळी ब्यूटची, म्हणून ते थेट इंग्लंडच्या दक्षिण टोकाच्या कॉर्नवॉलमधून संसदेत गेले. १७९० मध्ये परत केथनेस! खासदाराला दुसरी जागा मिळाली, पण केथनेसच्या लोकांना त्या सहा वर्षांत स्वतःचा खासदार नव्हता.

आणि ‘लोक’ म्हणजे तरी कोण? मोजके जमीनदार. २३ लाखांच्या स्कॉटलंडमध्ये १८३२ पूर्वी सगळे मिळून जेमतेम साडेचार हजार मतदार. ब्यूटचा एक किस्सा तेव्हा संसदेतच सांगितला गेला. निवडणुकीच्या सभेला मतदार आला एकच. त्याने स्वतःला अध्यक्ष नेमलं, हजेरी घेतली, स्वतःच्या नावाला ‘हजर’ म्हटलं, स्वतःचं नाव सुचवलं, अनुमोदनही दिलं आणि एकमताने निवडून आला! मुलं यावर पोट धरून हसतील. हसू द्या. मग विचारा, “यात नियम कुठे मोडला?” वर्ग एकदम शांत होईल.

१८३२ च्या कायद्याने केथनेसला कायमचा खासदार मिळाला, स्कॉटलंडचे मतदार सुमारे ६५ हजार झाले. तरी कूळ अजून मालकाच्या डोळ्यांदेखतच मत सांगत होतं. गुप्त मतदान आलं १८७२ मध्ये. १८८४ च्या कायद्याने ‘क्रॉफ्टर’ म्हणजे खंडाने जमीन कसणाऱ्या छोट्या शेतकऱ्यांना मत मिळालं आणि पुढच्याच वर्षी केथनेसने त्यांची बाजू घेणारे डॉ. गॅव्हिन क्लार्क यांना निवडून दिलं. १८८६ मध्ये कायदा झाला : खंड भरणाऱ्या क्रॉफ्टरला मालकाने मनाला येईल तेव्हा हुसकावायचं नाही, वाजवी खंड आयोग ठरवणार. आंदोलनं आधीपासून चालू होती हे खरं. पण मत हातात आल्यावर त्यांचं म्हणणं टाळणं सरकारला जड गेलं. माझ्या मते पाठाचा गाभा इथेच आहे.

१९१८ मध्ये केथनेस शेजारच्या सदरलँडला जोडलं गेलं. त्याच वर्षी तीस वर्षांवरच्या बऱ्याच स्त्रियांना मत मिळालं, पुरुषांच्या बरोबरीने मिळायला १९२८ उजाडलं. आपल्याकडे पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ मध्ये, प्रौढ स्त्री-पुरुषांना सारखं मत होतं. हा फरक मुलांना जरूर सांगावा.

शेवटचा आकडा १९४५ चा. तीन उमेदवार, मतं ५५६४, ५५५८ आणि ५५०३. जिंकणारा सहा मतांनी जिंकला. तिसरे होते सर आर्चिबाल्ड सिंक्लेअर, म्हणजे जॉन सिंक्लेअर यांचेच वंशज, लिबरल पक्षाचे नेते आणि युद्धकाळातले हवाई मंत्री. घराणं मोठं, पद मोठं, तरी ६१ मतं कमी पडली.

वर्गात करून बघा. चाळीस मुलांमधून दोघांनाच मत द्या आणि सहलीचं ठिकाण ठरवायला सांगा. मग दहांना, मग सगळ्यांना. प्रत्येक वेळी निकाल फळ्यावर लिहा. बदललं काय, हे मुलंच सांगतील.

पालकांना एवढीच विनंती. “माझ्या एका मताने काय होतंय?” हे वाक्य घरात मुलांसमोर बोलायचं टाळा. आम्ही वर्गात तासभर शिकवलेलं त्या एका वाक्याने पुसलं जातं.