न्यायालयाची सुटी आणि विधवेचा प्रश्न

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ हा मराठी चित्रपट २०१५ साली प्रदर्शित झाला. त्यास राष्ट्रीय सुवर्णकमळही लाभले. तथापि त्याचा शेवट पाहून ‘हा कसला शेवट?’ असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. त्या प्रश्नाचे उत्तर आपणच दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

वासुदेव पवार हा मुंबईतील गटारकामगार मॅनहोलमध्ये गुदमरून मरतो. गीत गाऊन त्यास आत्महत्येस प्रवृत्त केले, या आरोपावरून शाहीर नारायण कांबळे यांना पकडण्यात येते. कामगाराची विधवा साक्षीस येते. नवऱ्यास संरक्षक साधन मिळत नव्हते. गटारातील वायूने त्याचा एक डोळा गेला होता. आत हवा आहे की नाही, हे तो खडा टाकून, झुरळ वर येते की काय यावरून ताडीत असे. वकिलाने देऊ केलेले पैसे ती घेत नाही. काम असल्यास सांगा, म्हणते. त्यानंतर ती पुन्हा दिसत नाही. न्यायालयास उन्हाळी सुटी लागते, दालनातील दिवे मालवतात. सहलीस गेलेले न्यायाधीश बाकावर डुलकी घेत असता मुले ओरडून त्यांना जागे करतात. एका मुलास चपराक बसते आणि न्यायाधीश पुन्हा झोपी जातात.

आमच्या मते हा शेवट अपुरा नव्हे. गीत कोणी गायिले, याची चौकशी लांबत गेली. माणसास साधनांवाचून गटारात कोणी उतरविले, हा प्रश्न मात्र खटल्यात नव्हताच. विधवा केवळ साक्षीदार होती. साक्ष संपताच तिच्याशी कोणाचे काम उरले नाही.

परंतु ती फिर्यादी झाली तर? २०१३ च्या कायद्याने गटारांच्या धोकादायक सफाईस माणसे लावण्यास बंदी केली. अशा मृत्यूबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख, तर २०२३ साली ३० लाख रुपये भरपाई ठरविली. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडी येथे सेप्टिक टाकी साफ करताना तीन कामगार मरण पावले. त्यांच्या पत्नी स्वतः मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. भरपाई प्रथम शासनाने द्यावी व मग जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावी, असा निर्णय त्यांनी २०२१ साली मिळविला.

म्हणून आमचे सांगणे आहे की, दादरची कासारवाडी असो वा परळ-लालबागची चाळ, अशा घरी केवळ सांत्वनास जाऊन परतू नका. पोलिसांत फिर्याद नोंदली काय, ठेकेदाराचे नाव कागदावर आले काय, भरपाईचा अर्ज झाला काय, हे विचारा. त्या भगिनीबरोबर कचेरीत जा आणि उत्तर मिळेपर्यंत तिच्याशेजारी बसा. न्यायालयाची सुटी ठरल्या दिवशी संपते. एकाकी पडलेल्या कुटुंबाचे हाल आपोआप संपत नाहीत.