निसर्ग-केंद्रें आणि शेतकरी वर्ग

अलीकडे खेड्यापाड्यांच्या आसपास निसर्ग-परिचय केंद्रें निघूं लागलीं आहेत, ही गोष्ट इष्टच होय. अशाच एका केंद्रास आम्हीं कांहीं सभासद बंधूंसह भेट दिली. व्यवस्था चोख, पायवाटा स्वच्छ, झाडांवर नांवांच्या पाट्या. चालकांचें अभिनंदन करणें अवश्य आहे. परंतु तेथें आलेला प्रेक्षक पाहावा तर बहुतेक शहरांतला. शेजारच्या शिवारांतला कुणबी फाटकावरून बैल हांकीत जातो, आंत वळत नाहीं. आणि त्यास आंत बोलवावें असें कोणास सुचलेलेंही दिसत नाहीं.

आमच्या मतें ही उणीव लहान नव्हे. तेथें गिधाडाचें भव्य चित्र आहे आणि खालीं पक्षी दुर्मिळ झाल्याची एक ओळ. तो कां दुर्मिळ झाला हें सांगूं गेल्यास कथा थेट आपल्या गोठ्यापर्यंत येते. लंगडणाऱ्या वा ताप आलेल्या जनावरास डायक्लोफिनॅक हें औषध टोंचीत. तें जनावर दगावलें कीं औषध मांसांत उरे, आणि तें मांस खाणाऱ्या गिधाडांचीं मूत्रपिंडें निकामी होऊन तीं मरत. हें कारण २००४ सालीं उजेडांत आलें. तोंपर्यंत फार उशीर झाला होता. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतांतील पांढऱ्या पाठीचीं गिधाडें शंभरांत एकही उरलीं नाहींत. सरकारनें २००६ सालीं जनावरांसाठीं या औषधास बंदी केली. तरी माणसांसाठीं विकल्या जाणाऱ्या मोठ्या बाटल्या गोठ्यांत जातच राहिल्या, म्हणून २०१५ सालीं एका कुपींत एकाच मात्रेपुरतें औषध असावें असा निर्बंध आला. २०२३ सालीं किटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांसही जनावरांसाठीं बंदी झाली. मेलॉक्सिकॅम हें तेंच काम करणारें औषध गिधाडांस बाधत नाहीं.

यांत शेतकऱ्यास दोष देणें अन्यायाचें होईल. आजारी बैलासाठीं जें हातीं आलें तें त्यानें दिलें. परिणाम त्यास कोणीं सांगितला होता? नुकसान मात्र त्याचेंच झालें. पूर्वीं मेलेलें ढोर गिधाडें पाहतां पाहतां संपवीत. आतां तें माळावर कुजत पडतें, त्यावर भटकीं कुत्रीं पोसतात, आणि पिसाळलेल्या कुत्र्याचें भय कोणास अधिक, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

घुबडाचीही हीच गत. ज्याच्या नांवांतच गव्हाण आहे तें गव्हाणी घुबड रात्रभर उंदीर मारतें; आम्ही त्यास अशुभ म्हणून हांकलतों आणि उंदरांसाठीं विषाच्या पुड्या विकत आणतों! केंद्रांत वाघाचे चार फलक होते, घुबडाचा एकही नव्हता.

इंग्लंडांत क्षेत्र-अभ्यास मंडळानें १९४६ सालीं आपलें पहिलें केंद्र सफोक परगण्यांतील फ्लॅटफर्ड येथें उघडलें, तें एका जुन्या पाणचक्कींत, शेतांकुरणांच्या शेजारीं. शेताचा बांध हाही निसर्गच, ही दृष्टि आमच्या केंद्रांस आली पाहिजे. एक दालन गोठा, बांध आणि विहीर यांस द्यावें, व तेथें बोलणारा माणूस गांवची भाषा बोलणारा असावा.

आमच्या शाखांनींही वाट पाहत बसूं नये. ज्वारीचीं खळीं उरकलीं कीं फाल्गुनांत जवळच्या केंद्रावर सभासदांची सहल न्यावी, आणि बरोबर तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरांस अगत्यानें घ्यावें. मृगाच्या तोंडावर कोणी बोलावील तर मात्र स्पष्ट नकार कळवावा.