व्याख्यान ऐकून झाल्यावर

हल्लीं प्रेरणादायी व्याख्यानांचा सुकाळ झाला आहे. पूर्वीं नामांकित वक्ता ऐकावयाचा म्हणजे अमरावतीस किंवा नागपुरास जावें लागे. आतां मोबाइलच्या पडद्यावर बोट फिरवितांच साता समुद्रांपलीकडील पंडित तिवशास येऊन बोलूं लागतो. नवनिर्मिति, शिक्षण आणि वस्तूंची रचना या विषयांवरील अशीं पुष्कळ व्याख्यानें आम्हीं ऐकलीं, कांहीं वर्गांतहि ऐकविलीं. त्यांतील उपयोगाचें कोणतें आणि नुसतें गोड कोणतें, याविषयींचें आमचें मत वाचकांपुढें ठेवीत आहों.

सर केन रॉबिन्सन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञांचें २००६ मधील टेड परिषदेंतलें भाषण सर्वांत गाजलेलें. शाळा मुलांची नवनिर्मितीची शक्ति मारतात काय, असा त्याचा प्रश्न. वक्ता मोठा विनोदी. सभा क्षणोक्षणीं हंसते. जिलियन लिन या मुलीची गोष्ट ते सांगतात. वर्गांत एके जागीं बसवत नाहीं म्हणून आई तिला डॉक्टरांकडे नेते. डॉक्टर रेडिओ लावून आईसह खोलीबाहेर जातात आणि मुलगी नाचूं लागते. ही आजारी नाहीं, नर्तकी आहे, असा त्यांचा निर्वाळा. पुढें ती नामवंत नृत्यदिग्दर्शिका झाली. गोष्ट सुंदर खरी. परंतु तिला नृत्यशाळेंत घालतां आलें, कारण नृत्यशाळा होती. आमच्या गांवच्या तशा मुलीस कोठें धाडावें? शिवाय जिच्या अंगीं असा उघड गुण दिसत नाहीं, त्या मुलीचें काय? रॉबिन्सन २०२० मध्यें वारले. भाषण अजून आवडीनें ऐकलें जातें. पण तें ऐकून वर्गांत परतणाऱ्या शिक्षकाच्या हातीं खडूखेरीज नवें कांहीं आलेलें नसतें.

उत्तम वक्ता ऐकण्याची गोडी वऱ्हाडास नवी नव्हे. आपल्या तालुक्यांतील मोझरीस तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकलेल्या पिढ्या आहेत. त्यांच्याहि आधींचे गाडगे महाराज. १८७६ सालीं शेंडगांवीं जन्मलेले हे पुरुष शाळेंत गेले नव्हते. तरी त्यांची शिकविण्याची हातोटी आम्हां पदवीधरांनीं अभ्यासावी अशी. गांवांत येतांच ते खराटा घेऊन रस्ते झाडूं लागत आणि रात्रीं कीर्तनास उभे राहत. कीर्तनांत श्रोत्यांस प्रश्नामागून प्रश्न विचारीत व उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. काम आधीं, बोलणें मागून, आणि बोलण्यांतहि अर्धा वांटा ऐकणाराचा! पडद्यावरील वक्त्यांस आम्ही हीच कसोटी लावतों.

तीस उतरलेलें भाषण अरविंद गुप्ता यांचें, डिसेंबर २०१० मध्यें पुण्याजवळ लवासा येथें झालेलें. ते बोलतात थोडें, करून दाखवितात फार. आगपेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीनें जोडून आकृति करतात. सेल, लोहचुंबक आणि तांब्याची तार एवढ्यावर मोटार फिरवितात. हा मनुष्यहि एका व्याख्यानानेंच हलला होता, हें विशेष. कानपूरच्या आय. आय. टी.त शिकत असतांना त्यांनीं अनिल सद्‌गोपाल यांस ऐकलें. हे शास्त्रज्ञ मुंबईची मोठी संशोधनसंस्था सोडून मध्यप्रदेशांतील होशंगाबाद जिल्ह्यांत 'किशोर भारती'चें काम करीत होते. गुप्ता पुढें पुण्यास टेल्कोंत नोकरीस लागले. पण १९७८ मध्यें वर्षाची रजा घेऊन ते होशंगाबादेस गेले, आणि आठवडी बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त वस्तूंतून हे प्रयोग तेथेंच निघाले. व्याख्यान ऐकून रजेचा अर्ज लिहिणारे श्रोते किती निघतील?

सातपुड्यापलीकडील त्या जिल्ह्यांत १९७२ मध्यें किशोर भारती आणि क्वेकर पंथीयांचें रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर यांनीं सोळा माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा उपक्रम आरंभिला. १९७८ मध्यें तो सबंध जिल्ह्यांत गेला. मुलांनीं प्रयोग करावा आणि निष्कर्ष स्वतः काढावा, ही रीति. परंतु आमच्या मतें खरी युक्ति परीक्षेंत होती. मुलें पुस्तक उघडें ठेवून उत्तरें लिहीत, आणि प्रयोगाचीहि परीक्षा देत. २००२ मध्यें सरकारनें उपक्रम बंद केला. तीस वर्षें चाललेली गोष्ट फसली असें आम्ही म्हणणार नाहीं. उलट इतकी टिकली ती प्रश्नपत्रिकेस हात घातल्यामुळें, असें आम्हांस वाटतें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, आठवी व नववीच्या प्रत्येक घटक चाचणींत एक प्रश्न हातांनीं सोडवावयाचा असावा व त्यास गुण असावेत. यानें दहावीचे टक्के घसरतील, असें कांहीं पालक म्हणतील. त्यांची काळजी आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. घरांतील पहिला दहावी उत्तीर्ण होणारा मुलगा हा थट्टेचा विषय नव्हे. पण दहावीची प्रश्नपत्रिका मंडळाची. आठवी-नववीच्या चाचण्या आपल्या आहेत. तेवढ्यापुरतें धैर्य शाळेनें करावें. दरवर्षीं नवा वक्ता बोलावण्यापेक्षां तें स्वस्तहि पडेल.

यंदा आठवींत आम्हीं काड्यांचा एक तास घेतला. सायकलवाल्याकडून नळी आणली. चार काड्यांचा चौकोन बोट लावतांच कलंडला; तीन काड्यांचा त्रिकोण ढळेना. कापूसवेचणीमुळें बरेच दिवस न आलेला एक मुलगा वर्गाच्या छपराकडे पाहत म्हणाला, "सर, म्हून कैचीत तिकोन करतेत काय?" मग सगळा वर्ग वर पाहूं लागला. खराट्याची काडी तोडून कर्ण बसविला तेव्हां चौकोन उभा राहिला. पंचकोनास तशा दोन काड्या लागल्या, षट्कोनास तीन. सप्तकोनास किती, यावर दोन बाकांत वाद जुंपला असतां घंटा झाली. तो दुसऱ्या दिवशीं मधल्या सुट्टींत मिटला. चार लागतात.