लाइट आली!

दिवाळी अंकात लिहायचे म्हणजे दिव्यांवर लिहावे, असा आमच्या संपादकांचा दरवर्षीचा प्रेमळ हट्ट असतो. पणत्या झाल्या, आकाशकंदील झाले, समईवरही या सदरात एकदा लिहून झाले. यंदा म्हटले, विजेच्या दिव्यावर लिहावे. पण मराठीच्या मास्तराला विजेतले काय कळणार? कळले तर व्याकरण कळणार. तेव्हा सुरुवात तेथूनच करतो.

‘लाइट गेली’ आणि ‘लाइट आली’ ही दोन वाक्ये आपल्याकडे घरोघरी इतक्यांदा उच्चारली जातात की लहान मूल ती बोबड्या वयातच शिकते. कोणी ‘लाइट गेली’ म्हणतो, कोणी ‘लाइट गेले’ म्हणतो. लिंगवचनाबाबत महाराष्ट्रात एकमत नाही. क्रियापदाबाबत मात्र आहे. लाइट जाते आणि लाइट येते, जशी एखादी लहरी पाहुणी यावी आणि जावी. तिला कोणी आणले, याचा वाक्यात कुठे पत्ता नसतो. ‘टपाल आले’ असे म्हणताना निदान पोस्टमन दारात उभा दिसतो. लाइट येते तेव्हा तिला आणणारा माणूस चार किलोमीटरवर कुठल्या तरी खांबावरून उतरत असतो, आणि आपण ‘आली, आली’ करून पुन्हा टीव्हीपुढे बसलेलो असतो.

आज त्या माणसाबद्दल लिहायचे आहे. कागदोपत्री त्याला तंत्रज्ञ म्हणतात, ‘जनमित्र’ असे गोड नावही त्याला मिळाले आहे. खेड्यात तो अजून वायरमनच आहे. त्यांच्यापैकी कितीजण तर कंत्राटावरचे, म्हणजे खांब तोच, तार तीच, फक्त पगार आणि भरवसा निराळा.

आमच्या महाविद्यालयात रविवारी मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरतात. तेथे बी. ए. करणारे एक गृहस्थ या खात्यातले आहेत. पस्तिशीचे वय, मनगटावर जुन्या भाजल्याचा गुळगुळीत वण, आणि अक्षर मात्र मोत्यासारखे. एका रविवारी वर्तमानपत्रांच्या भाषेवर बोलताना मी फळ्यावर एक मथळा लिहिला: ‘विजेचा धक्का लागून वायरमनचा मृत्यू’. तास संपल्यावर हे गृहस्थ थांबले. म्हणाले,

“सर, ते वाक्य व्याकरणाने बरोबर असेल, पण अर्थाने अपुरे आहे.”

“ते कसे?”

“धक्का म्हटले की लोकांना वाटते, चटकन आटोपले. आमची कितीतरी माणसे भाजून जातात, सर. आणि त्याला दिवस लागतात.”

मग त्यांनी आपल्या एका साथीदाराची हकिगत सांगितली. अकरा हजार व्होल्टच्या तारेजवळ त्याचा हात गेला. कमरेला पट्टा होता म्हणून तो खाली पडला नाही. लाइन बंद करून इतरांनी त्याला उतरवले तेव्हा तो शुद्धीवर होता. तळहातावर रुपयाएवढा काळा डाग आणि तळपायाला तसाच दुसरा, एवढेच काय ते दिसत होते. ‘थोडक्यात वाचलो, काळजी करू नकोस,’ असे त्याने स्वतः बायकोला फोनवर सांगितले. दुसऱ्या दिवशी हात सुजून दगडासारखा झाला आणि लघवी काळ्या चहासारखी होऊ लागली. तिसऱ्या दिवशी हात खांद्यापासून काढावा लागला. नवव्या दिवशी तो गेला.

भाजण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. तव्याचा चटका बसतो, वाफेने पोळते, निखाऱ्याने भाजते, ज्वाळेने होरपळते, आणि विसरलेली पोळी करपते. आमच्या आज्या-पणज्यांनी चुलीपुढे बसून हे शब्द घडवले, आणि म्हणून ते सारे बाहेरून आत जाणाऱ्या आगीचे शब्द आहेत. विजेची आग उलट चालते. वीज ज्यातून वाहते ते तापते. इस्त्री आणि शेगडी यांचे सारे शास्त्र एवढेच. माणसाच्या देहातून ती गेली की देहही तापतो. हाड विजेला फार अडवते, म्हणून ते अधिक तापते आणि त्याच्या लगतचे मांस आतल्या आत शिजते. कातडीवर दिसतात त्या फक्त वीज शिरली आणि बाहेर पडली त्या दोन खुणा. मेलेल्या स्नायूंतले मायोग्लोबिन नावाचे द्रव्य रक्तात उतरते आणि मूत्रपिंडाच्या बारीक गाळण्या तुंबवते. घरातल्या २३० व्होल्टचा धक्का मारतो तो बहुधा हृदयाची लय बिघडवून. हजारो व्होल्टची तार त्याखेरीज हे सारे करते. म्हणून जखम पैशाएवढी दिसली तरी अशा माणसाला घरी न नेता मोठ्या रुग्णालयात न्यावे, हे निदान या लेखाच्या वाचकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी आग याहून विचित्र. तिला तारेचा स्पर्शही लागत नाही. आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर जी डीपी असते, तिच्या पेटीत फक्त चारशे व्होल्ट असतात. ‘फक्त’ हा शब्द तेथे फसवा आहे. पेटीत हातातली पकड निसटून दोन फेजवर आडवी पडली, किंवा एखादी पाल नको तेथे शिरली, की क्षणात काही हजार अँपिअरचा लोळ उठतो. अशा ठिणगीच्या गाभ्यातले तापमान २०,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,५०० अंशांचा आहे, म्हणजे तुलना आपली आपण करावी. तांब्याची वाफ होते, ती मूळच्या सुमारे सदुसष्ट हजार पट जागा मागते, आणि समोर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर स्फोटासारखी येते. सारा खेळ सेकंदाच्या एका अंशात संपतो. अमेरिकेतील राल्फ ली या अभियंत्याने १९८२ साली या ज्वाळेचा हिशेब मांडणारा निबंध लिहिला, आणि त्याच्या मथळ्यातच तिला ‘विजेचा दुसरा धोका’ म्हटले. पहिला धोका अर्थातच धक्का. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याचे म्हणणे तेथील तज्ज्ञांनाही सांगावे लागले होते!

या ठिकाणी दिवाळीची एक जुनी शिकवण आठवते. फटाके उडवताना मुलांना सुती कपडे घालावेत, हे प्रत्येक घरातली आई सांगते. नायलॉन किंवा टेरिलिन पेटत नाही तेवढ्यात वितळते आणि कातडीला चिकटते. सुती कापडही पेटते, पण निदान चिकटत नाही. विजेच्या ज्वाळेत ज्वाळा क्षणाची असते आणि पेटलेला सदरा मात्र पुढे बराच वेळ जळत राहतो. पुष्कळ वेळा जीव जातो तो सदऱ्याने. अमेरिकेत १९९४ च्या नियमांनी तारांवर काम करणाऱ्याच्या अंगावर इजा वाढवणारे कापड नसावे असे ठरवले, आणि २०१४ साली ज्वाळेच्या उष्णतेचा अंदाज घेऊन त्या मानाचे कपडे देण्याचे बंधन घातले. असे न पेटणारे अंगरखे आणि तोंडावरचे पारदर्शक मुखवटे आता मिळतात. आपल्याकडे किती खांबांवर ते दिसतात, हे वाचकांनी रस्त्याने जाता-येता वर पाहून स्वतःच ठरवावे. चैत्रवैशाखाच्या उन्हात जाड अंगरखा नकोसा होतो, हे खरे. पण निवड करायला तो आधी हाती असावा लागतो.

“पण लाइन बंद करूनच चढता ना तुम्ही?” असे मी विचारले तेव्हा गृहस्थ हसले. म्हणाले, “सर, बंद तार ही आमच्यात सर्वांत धोक्याची. चालू तारेला आम्ही भितो.”

हे वाक्य ऐकून मला न्यूयॉर्कच्या जॉन फीक्सची गोष्ट आठवली. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी भर दुपारी, वर्दळीच्या चौकात हा तारायंत्राचा लाइनमन तारांच्या जाळ्यात चढला. तारायंत्राची तार म्हणजे निरुपद्रवी. पण ती तार दूर कुठेतरी दिव्यांच्या उच्च दाबाच्या तारेला टेकली होती. फीक्स तारांमध्ये अडकून पडला, त्याच्या देहातून निळ्या ज्वाळा निघू लागल्या, आणि खाली जमलेले हजारो लोक बराच वेळ ते पाहत राहिले. त्या शहराने डोक्यावरच्या तारा काढून जमिनीखाली नेण्याची घाई केली ती या मृत्यूनंतर.

आपल्याकडे असाच दगा दुसऱ्या वाटेने होतो. डीपी दोन्ही दिशांनी चालते. अकरा हजारांचे चारशे करते, तशी मागून चारशे आले तर त्यांचे अकरा हजारही करते. लाइट गेली म्हणून कोणी मांडवात, दुकानात जनरेटर लावतो आणि चेंजओव्हर स्विच न बसवता तो सरळ घरच्या वायरिंगला जोडतो. ती वीज मागच्या मागे तारांत चढते. उपकेंद्रात लाइन बंद, कागदावर बंद, आणि खांबावरच्या माणसाच्या हातात अकरा हजार. दुसऱ्या लाइनवरून टाकलेला चोरटा आकडाही हेच करू शकतो.

यावर उपाय आहे, आणि तो जुना आहे. लाइन सर्व बाजूंनी तोडायची, कुलूप लावायचे, ‘माणसे काम करीत आहेत’ ही पाटी टांगायची, वीज नाही याची यंत्राने खात्री करायची, मग कामाच्या जागेच्या दोन्ही अंगांना साऱ्या तारा एकत्र जोडून जमिनीला बांधायच्या. हे झाले आणि हाती लेखी परमिट आले की मग चढायचे. “सत्यनारायणासारखे आहे, सर,” ते म्हणाले, “पूजा थोडी, मांडणी फार. पाच मिनिटांच्या जोडणीला अर्ध्या तासाची मांडणी.”

ही मांडणी चुकते कुठे? एका माणसाकडे पाचसहा गावे असतात, हातमोजा फाटलेला असतो, अर्थिंगचा संच दुसऱ्या गाडीत असतो. ही जबाबदारी ज्यांची, त्यांना ती टाळता येणार नाही. पण आणखी एक कारण आपल्या खिशात असते. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर लाइट गेल्यापासून चौथ्या मिनिटाला वायरमनचा नंबर येतो आणि पाचव्या मिनिटापासून त्याला फोन सुरू होतात. कोणाची मालिका चुकते, कोणाचा फ्रीज वितळतो, कोणी नगरसेवकाचे नाव घेतो. खांबाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात तो फोन सारखा थरथरत असतो. अशा वेळी त्या अर्ध्या तासाच्या मांडणीतली कोणती पायरी गळेल, ते सांगायला ज्योतिषी नको.

३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि कोकणात हजारो खांब आडवे झाले. दुसऱ्या जिल्ह्यांतून माणसे आली, पावसात आणि साथीच्या भीतीत राबली, आणि गावोगाव दिवे लागले. तेव्हाही आपण म्हटले, ‘लाइट आली’.

भाषा हुकमाने बदलत नाही, हे शिकवण्याचाच मला पगार मिळतो. म्हणून ते वाक्य बदला असे मी सांगणार नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरण अलीकडे ४ मार्च हा लाइनमन दिवस म्हणून पाळते, तोही अवश्य पाळावा. पण मार्चपर्यंत थांबायला नको. लक्ष्मीपूजनाच्या रात्री, तुमचे आकाशकंदील लागलेले असताना, जवळच्या उपकेंद्रात कोणीतरी पाळीवर बसलेला असेल. त्याला फराळाचा डबा पोचवा. जनरेटरला चेंजओव्हर आहे की नाही ते एकदा इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. आणि लाइट गेलीच, तर फोन एकानेच करावा आणि त्याला सांगावे, “दादा, सावकाश होऊ द्या. नीट बंद करून चढा.”

दीपावलीच्या शुभेच्छा, तुम्हाला आणि त्यालाही.