नाताळ लवकर येतो, की प्रतीक्षा लवकर संपते?

१/१५
ऑक्टोबर सरण्याआधीच दुकानांच्या काचांमागे सांताक्लॉज उभा राहतो, नोव्हेंबरात झाडे उजळतात आणि दरवर्षीची तक्रार सुरू होते : इतक्या लवकर तयारीला लागल्यामुळे सणाची गोडी जाते. ही तक्रार निराधार नाही. मात्र तिचा रोख चुकला आहे. तयारी लवकर सुरू झाल्याने नाताळ बिघडला, असे इतिहास सांगत नाही. मग बिघडले कुठे, हे पाहण्यासाठी हा थ्रेड.

२/१५
२५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म मानल्याची सर्वांत जुनी खात्रीशीर नोंद रोममधील इ.स. ३५४ च्या एका दिनदर्शिकेत आढळते. त्यानंतर फार काळ लोटण्यापूर्वीच सणाआधीच्या तयारीचा काळही ठरू लागला. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेट्यूस यांनी ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता, अशी नोंद तूरच्या ग्रेगरीने केली आहे.

३/१५
म्हणजे नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळाकडे डोळे लावून बसण्याची रीत दीड हजार वर्षांची आहे. फरक तयारीच्या स्वरूपात होता. ती तयारी संयमाची होती. पुढे मध्ययुगात या काळात विवाहसोहळेही वर्ज्य मानले गेले. मराठी ख्रिस्ती समाज या दिवसांना ‘आगमनकाळ’ म्हणतो. नाताळापूर्वीच्या चार रविवारांच्या या काळात धर्मगुरूंची वस्त्रे जांभळी असतात. प्रायश्चित्ताच्या उपवासकाळाचा रंगही तोच.

४/१५
आनंदाचे दिवस नंतर येत. इ.स. ५६७ च्या तूर येथील धर्मपरिषदेने नाताळापासून ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंतचा काळ उत्सवाचा मानला. हेच नाताळाचे बारा दिवस. जुनी रचना अशी सरळ होती : आधी वाट पाहणे, मग सण, मग सणाचा सावकाश उपभोग. २५ डिसेंबर हे या उत्सवाचे प्रवेशद्वार होते.

५/१५
स्वयंपाकघराचे पंचांग तर याहून लवकर उघडत असे. इंग्लंडमध्ये आगमनकाळापूर्वीच्या शेवटच्या रविवारी नाताळाच्या पुडिंगचे मिश्रण ढवळण्याची प्रथा रूढ झाली. घरातील प्रत्येकाने एकदा तरी ढवळायचे, हा तिचा नियम. सुकामेवा, मसाले आणि मद्य मुरायला काही आठवडे लागतात. म्हणून पुडिंग महिनाभर आधी शिजे. लवकर झालेल्या या तयारीने सण फिका झाला नाही, कारण भांडे झाकून ठेवले जाई. नाताळापर्यंत त्याला कोणी हात लावत नसे.

६/१५
प्रतीक्षेला डोळ्यांना दिसेल असे रूप १८३९ मध्ये हॅम्बुर्गजवळ मिळाले. योहान हिन्रिख विखर्न हे धर्मोपदेशक तेथे गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी येणार, असे मुले सारखी विचारत. विखर्न यांनी गाडीच्या एका चाकावर रविवारांसाठी मोठ्या पांढऱ्या आणि अधल्यामधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या बसवल्या. रोज एक जास्त पेटे आणि उजेड दिवसागणिक वाढत जाई. आजच्या आगमनचक्राचा उगम तो.

७/१५
विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेऱ्हार्ड लांग यांनी छापील आगमन-दिनदर्शिका लोकप्रिय केल्या. या दिनदर्शिकांना पुढे लहान दारे आली : रोज एकच दार उघडायचे, बाकीची उद्यासाठी राखायची. चाक काय, दिनदर्शिका काय, दोन्ही साधने सणाची सुरुवात आधीच करून देतात. पण सगळा सण एकदम हाती पडू देत नाहीत.

८/१५
बाजार या गोष्टीत शिरला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मोठ्या बहुविभागी दुकानांसोबत. अमेरिकी शहरांत डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत खरेदीचा लोंढा येई. विक्रेत्या मुली रात्री उशिरापर्यंत उभ्या असत. सामान पोचवणारी लहान मुले थंडीत दारोदार फिरत. सणाची रात्र उजाडेपर्यंत या कष्टकऱ्यांच्या अंगात सण साजरा करण्याचे त्राण उरत नसे.

९/१५
इथे एक गोष्ट आजच्या तक्रारदारांना चकित करील. ‘खरेदी लवकर उरका’ हा प्रचार त्या काळी श्रमिकांच्या कैवाऱ्यांनीही चालवला. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल कन्झ्युमर्स लीगच्या सरचिटणीस फ्लॉरेन्स केली या बालमजुरी आणि अमर्याद कामाच्या तासांविरुद्ध लढणाऱ्या कार्यकर्त्या. ग्राहकांनी शेवटच्या आठवड्याची वाट न पाहता आधीच खरेदी केली, तर दुकानातील मुलींना रात्री घरी जाता येईल, ही त्यामागची भूमिका.

१०/१५
१९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये निरुपयोगी भेटींच्या प्रतिबंधासाठी एक संस्थाही निघाली. अ‍ॅन मॉर्गन आणि एलिनॉर रॉबसन बेलमाँट या तिच्या प्रवर्तक. दुकानांतील मुलींना वरिष्ठांच्या नाताळभेटीसाठी पदरचे पैसे घालावे लागत. त्या सक्तीला या संस्थेचा विरोध होता. माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हेही तिचे सदस्य झाले. सण कोणाच्या खिशातून आणि कोणाच्या श्रमांतून साजरा होतो, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जात होता.

११/१५
पुढे लवकर खरेदीचा हेतू पालटला. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण उरकल्यावरच नाताळाची विक्री सुरू करण्याचा संकेत होता. १९३९ मध्ये नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ३० तारखेला आला. विक्रीचे दिवस कमी पडतील, अशी भीती मोठ्या दुकानदारांना वाटली. त्यांच्या आग्रहावरून अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी थँक्सगिव्हिंग आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला आणला.

१२/१५
देशात गोंधळ उडाला. ४८ पैकी २३ राज्यांनी नवी तारीख स्वीकारली, २२ जुन्या तारखेवर अडून राहिली आणि उरलेल्यांनी दोन्ही पाळल्या. लोकांनी या सणाला ‘फ्रँक्सगिव्हिंग’ म्हणून चिडवले. अखेर विक्री अपेक्षेप्रमाणे वाढली नाही, हे रूझवेल्ट यांनीच १९४१ मध्ये मान्य केले. त्याच वर्षअखेर कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार निश्चित झाला. पंचांग खेचून सण लांबवता येत नाही, एवढे त्यातून दिसले.

१३/१५
याउलट फिलिपिन्स पाहावे. तेथे नाताळाची गाणी १ सप्टेंबरलाच सुरू होतात. तरी तेथील नाताळ निस्तेज झालेला नाही, कारण दीर्घ हंगामातही प्रतीक्षेचे टप्पे शाबूत आहेत. १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस लोक पहाटेच्या अंधारात उठून प्रार्थनेला जातात. दिवे चार महिने लागोत. त्या नऊ पहाटा मात्र उठल्याखेरीज लाभत नाहीत.

१४/१५
गोव्यातही तीच वृत्ती दिसते. ‘नाताळ’ हा मराठी शब्दच पोर्तुगिजांच्या ‘नताल’वरून आला. तेथील बेबिंक थराथराने भाजावी लागते. एक थर भाजल्यावाचून दुसरा ओतता येत नाही. दोदोल तासन्‌तास घोटावे लागते, त्याला अनेक हात लागतात. नेवऱ्या नि कलकलांची ताटे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जातात. आणि २५ तारखेला सारे आटोपत नाही : ६ जानेवारीला रेइश मागूश, चांदोर येथे तीन राजांचे फेस्त रंगते.

१५/१५
तेव्हा नोव्हेंबरातल्या दिव्यांना दोष देण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत. पहिला : ही तयारी काही राखून ठेवते, की सारे आधीच उपभोगून टाकते? जो सण २४ डिसेंबरपर्यंत चाखून झाला, त्याचे झाड २६ तारखेला रस्त्यावर पडणारच. दुसरा प्रश्न फ्लॉरेन्स केली यांचा : लवकर सुरू झालेल्या हंगामात दुकानांत उभे राहणाऱ्यांचे आणि घरोघरी सामान पोचवणाऱ्यांचे कष्ट हलके झाले, की नुसते लांबले? सणाच्या रात्री त्यांनाही वेळेवर घरी जाता येत असेल, तर तयारी कितीही लवकर सुरू व्हावी.
(समाप्त)