एका अधिसूचनेची कसोटी

दरवर्षी २५ जून जवळ आला की आपले राजकीय पक्ष आणीबाणीवर बोलू लागतात. एकाला आपल्या नेत्यांचा तुरुंगवास आठवतो, दुसऱ्याला आज ‘अघोषित आणीबाणी’ दिसते. माझा प्रश्न दोघांनाही आहे. खटला न चालवता नागरिकाला डांबून ठेवण्याचा जो अधिकार विरोधात असताना जुलमी वाटतो, तो सत्ता हाती आल्यावर यांच्यापैकी कोणी सोडला?

हा प्रश्न जबलपूरच्या सदर भागातून विचारणे सयुक्तिक आहे. सदर हा लष्करी छावणीचा बाजार. त्याच शहरात मध्य प्रदेशचे उच्च न्यायालय. ‘मिसा’खाली स्थानबद्ध झालेल्या शिवकांत शुक्ला यांची याचिका आणीबाणीतही ऐकता येईल, असे या न्यायालयाने ठरवले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी हीच भूमिका घेतली. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एडीएम जबलपूर’ खटल्यात ती चार विरुद्ध एक मताने रद्द ठरवली. बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्या. हंसराज खन्ना. पुढच्याच जानेवारीत खन्नांची ज्येष्ठता डावलून सरन्यायाधीश नेमले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला.

जनता सरकारने १९७८ मध्ये ‘मिसा’ रद्द केला आणि ४४वी घटनादुरुस्ती आणली. जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, ही तिची देणगी सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील कलम ३ मात्र फारसे कुणी आठवत नाही. सल्लागार मंडळाच्या संमतीविना स्थानबद्धतेची मुदत तीन महिन्यांवरून दोनवर आणावी. मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमावे आणि अध्यक्षपदी विद्यमान न्यायाधीश असावा, असे ते सांगते. संसदेने ते मंजूर केले, राष्ट्रपतींनी संमती दिली. पण अंमलाची तारीख केंद्र सरकारने ठरवायची होती. ती तारीख आजवर उगवलेली नाही.

तुरुंगातून सत्तेत आलेल्या जनता नेत्यांनी जून १९७९ मध्ये दुरुस्तीची इतर बहुतेक कलमे लागू केली. हे तेवढे मागे राहिले. १९८० मध्ये परतलेल्या काँग्रेसने राष्ट्रीय सुरक्षा कायदा आणला. त्यात बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्धता आहे आणि मंडळापुढे वकील देण्याचा हक्क नाही. या कायद्याला आव्हान मिळाले, तेव्हा कलम ३ लागू करण्याचा आदेश सरकारला देण्यास सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. आणीबाणीत स्वतः स्थानबद्ध असलेले वाजपेयी आणि अडवाणी पुढे पंतप्रधान व गृहमंत्री झाले. त्यांनी ‘पोटा’ आणला, कलम ३ला हात लावला नाही. काँग्रेसप्रणीत सरकारने २००४ मध्ये ‘पोटा’ रद्द केला आणि त्यातील बऱ्याच तरतुदी यूएपीएत नेऊन ठेवल्या. २००८ मध्ये जामिनाची वाट आणखी अरुंद केली. त्याच कायद्याखालच्या अटकांवर काँग्रेस आज टीका करते.

मध्य प्रदेशात हा खेळ अधिक उघडा दिसतो. भाजप सरकारने मिसाबंदींना सन्माननिधी दिला. २०१९च्या आरंभी काँग्रेस सरकारने तो पडताळणीसाठी रोखला. त्याच सुमारास खंडव्यात गोहत्येच्या संशयितांवर राष्ट्रीय सुरक्षा कायदा लावला गेला, तोही काँग्रेसच्याच राजवटीत. कालच्या बंदिवानाचा सत्कार करायचा की नाही यावर भांडण; आजच्या बंदिवानाबाबत मात्र एकमत.

सुरक्षेची गरज खोटी नाही. छावणीच्या शहरात ते सांगावे लागत नाही. पण कलम ३ स्थानबद्धता रद्द करत नाही. डांबणारा आणि त्या कृतीची तपासणी करणाऱ्यांना निवडणारा एकच नसावा, एवढेच ते मागते. त्यासाठी नवा कायदा नको, दोन तृतीयांश बहुमत नको. राजपत्रातली एक अधिसूचना पुरे. २०२४ मध्ये केंद्राने २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून राजपत्रातूनच घोषित केला. त्याच राजपत्रात ही दुसरी अधिसूचना का निघत नाही, हे सरकारने सांगावे. आणि सत्तेत असताना ती का काढली नाही, हे विरोधकांनी.